पट्टा खोबणीतच का तडकतो? (बँडसॉ, धार आणि ग्राइंडिंग व्हील)

आडवी_करवत (पिरंगुट)

मंडळी, मदत हवी आहे. पिरंगुटला माझी छोटी आडवी बँडसॉ मिल आहे, दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याने लाकूड कापायची. बांधावरचा साग, आंबा, बाभूळ, पावसात पडलेली झाडं, असं जॉबवर्क चालतं. पट्टा ३२ मिमी रुंद, १.१ जाड, दात्याचं पिच (दोन दात्यांतलं अंतर) २२, हुक (दात्याचा पुढे कल) १० डिग्री. धार घरीच लावतो. कॅमवर चालणारं ऑटो मशीन आहे, त्यावर २०० बाय ६ चं व्हील.

आठ दिवसांत चार पट्टे गेले. जोडावर एकही तुटला नाही, चारही खोबणीच्या (दोन दात्यांमधल्या खळग्याच्या) तळाशी तडकले. नवीन पट्टा कंपनीच्या धारेवर झकास चालतो. आमची पहिली धार लागली की दीड-दोन तासांत बारीक तडा, आणि मग फाट. पोलादच हलकं यायला लागलंय का? कोणता पट्टा घ्यावा, सुचवा. मामा (माझे मिस्त्री) म्हणतात दृष्ट लागली. लिंबू-मिरची बांधून झाली.

वखारवाला (भवानी पेठ)

टिंबर मार्केटात तीस वर्षं झाली, पट्टे असे जातात ते नव्वद टक्के टेन्शनमुळे. काम संपलं की पट्टा ढिला करून ठेवता का? की रात्रभर ताणलेलाच? चाकावरचा बेल्ट किंवा रबर झिजून पट्टा लोखंडावर तर चालत नाही ना, तेही बघा. आणि एक पट्टा दोन तास चालला की उतरवून टांगून ठेवा, त्यालाही विश्रांती लागते.

आडवी_करवत

दादा, ढिला करतो रोज. बेल्ट दिवाळीत बदलले. विश्रांतीही देतो, मला मिळत नाही पण पट्ट्याला मिळते.

टूलरूम_निवृत्त (भोसरी)

पट्टा बदलायची घाई करू नका. कंपनीच्या धारेवर चालतो आणि तुमची धार लागली की तुटतो, हे तुम्हीच लिहिलंय. उत्तर त्याच वाक्यात आहे. पट्टा तोच, लाकूड तेच, टेन्शन तेच. मध्ये बदललं ते एकच, तुमचं व्हील.

मला तीन गोष्टी सांगा. व्हीलच्या कागदी लेबलवर काय अक्षरं छापली आहेत, जशीच्या तशी. धार लावून झाल्यावर खोबणीचा तळ कोणत्या रंगाचा दिसतो. आणि व्हीलची कड बोटाला कशी लागते, गोल की चौकोनी? (मशीन बंद करून, मेन स्विच काढून मगच बोट लावा. हसू नका, लावणारे बघितलेत.)

आडवी_करवत

काका, लेबलवर "ए ६० पी ५ व्ही" आहे, खाली ३५ मी/से. रंग तपकिरी. आधी पांढरं व्हील असायचं. मागच्या महिन्यात ते मिळालं नाही, दुकानदार म्हणाला हे न्या, हे कडक आहे, वर्षभर बघायला नको. खरंच झिजत नाही. हात फिरवला तर वरून काचेसारखं गुळगुळीत झालंय, चकाकतं. कड चौकोनी आहे, एका बाजूने थोडी जास्तच टोकदार.

खोबणीचा तळ निळसर काळा होतो. मामांना वाटलं चांगला टेंपर येतोय.

टूलरूम_निवृत्त

पी! इथेच घोडं पेंड खातंय.

जरा सविस्तर लिहितो, जेवण झालंय आणि नातू झोपलाय.

ग्राइंडिंग व्हील म्हणजे टोकदार दाणे आणि त्यांना धरून ठेवणारा बाँड. तुमच्या लेबलवरचं ए म्हणजे ॲल्युमिना, आपल्या जुन्या भाषेत कुरुंद. ६० हा दाण्याचा आकार, आकडा वाढला की दाणा बारीक. पी म्हणजे बाँडची पकड, म्हणजेच ग्रेड. ही अक्षरं ए पासून झेडपर्यंत जातात, ए सगळ्यात मऊ, झेड सगळ्यात कडक. ५ म्हणजे दाण्यांमधल्या मोकळ्या जागेचा अंदाज. शेवटचं व्ही म्हणजे विट्रिफाइड, भट्टीत भाजलेला मातीचा बाँड, कपबशीसारखा.

आता लोकांची नेहमीची गफलत. व्हील कडक म्हणजे दाणा कडक असं नाही. दाणा तोच असतो. कडक व्हील म्हणजे बोथट झालेला दाणासुद्धा न सोडणारं व्हील. चांगल्या व्हीलमध्ये दाणा बोथट झाला की त्याच्यावर जोर वाढतो, बाँड त्याला सोडतो आणि मागचा ताजा दाणा पुढे येतो. तुमच्या पी मध्ये बोथट दाणा खुर्ची सोडतच नाही. मग व्हील कापायचं थांबतं आणि नुसतं घासायला लागतं. घासलं की उष्णता. ती चकाकी म्हणजे सगळे दाणे एका पातळीत चपटे झालेत. म्हणून जुना नियम असा की पोलाद जितकं कडक तितकं व्हील मऊ घ्यायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण बरोबर आहे.

निळ्या रंगाचं सांगतो. पोलाद तापत गेलं की त्याच्यावर रंग चढतात. सव्वादोनशे डिग्री सेल्सियसच्या आसपास वाळलेल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. दात्याच्या टोकाला कंपनीने जी कडकी दिलेली असते ती तिथे उतरते, दाता मऊ पडतो. खोबणीच्या तळाशी याहून वाईट होऊ शकतं. वरचा पापुद्रा क्षणभर लालभडक होण्याइतका तापतो आणि मागचा थंड पट्टा ती उष्णता एकदम ओढून घेतो. तापवून पाण्यात बुडवल्यासारखंच झालं ते. तो पापुद्रा काचेसारखा ठिसूळ होतो. आणि तुमचा पट्टा दोन चाकांवरून मिनिटाला शेकडो वेळा वाकतो आणि सरळ होतो. काच किती वेळा वाकणार?

वर तुमची कड चौकोनी. चौकोनी कडेने खोबणीच्या तळाला कोपरा पडतो आणि सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो. प्लास्टिकची पिशवी फाडताना आपण आधी दाताने छोटा काप देतो, तसा काप तुम्ही प्रत्येक खोबणीत देताय.

म्हणून लिंबू काढा आणि पांढरं व्हील आणा. डब्ल्यूए (पांढरं ॲल्युमिना) ६०, ग्रेड के, फार तर एल, व्ही बाँड. झिजेल लवकर. झिजण्यासाठीच असतं ते.

लाकूडताई (धायरी)

काका, हे वाचून माझ्या बेंच ग्राइंडरकडे वेगळ्या नजरेने बघतेय. मी लाकडी खेळणी करते, पटाशांना धार लावते आणि माझंही व्हील "खूप टिकतं". 😐

एक विचारायचं होतं. चकाकणाऱ्या व्हीलला ड्रेसिंग केलं, म्हणजे वरचा थर खरवडून काढला, तर चालत नाही का? टाकूनच द्यायचं?

सीबीएन_समर्थक (वाघोली)

इतका त्रास कशाला? सीबीएन व्हील लावा आणि विसरून जा. क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याच्या खालोखाल कडक. स्टीलच्या चकतीवर खोबणीचा आकार तयार येतो, ड्रेसिंग नाही, गोलाई बिघडत नाही, फुटायची भीती नाही. मी तीन वर्षं एकच वापरतोय. हे पांढरं-तपकिरी म्हणजे आजोबांच्या जमान्यातलं.

टूलरूम_निवृत्त

@लाकूडताई, ड्रेसिंग केलं तर चालतं, थोडा वेळ. चकाकी जाते, ताजे दाणे दिसतात, दहा मिनिटं छान कापतं आणि पुन्हा चकाकतं, कारण बाँड तोच. चुकीच्या ग्रेडला ड्रेसिंग म्हणजे तापाला नुसती गोळी. योग्य ग्रेडच्या व्हीललाही ड्रेसिंग लागतंच, पण ते आकारासाठी आणि अधूनमधून तोंड उघडण्यासाठी.

@सीबीएन_समर्थक, आजोबा इथेच आहेत. 🙂 सीबीएन उत्तम, वाद नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी ते पहिल्यांदा बनवलं, आणि पोलादासाठी ते हिऱ्यापेक्षा सरस ठरतं. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडाला कार्बनची भूक असते, तो हिरा खाऊन टाकतो. पण ज्यांचे सगळे पट्टे एकाच पिचचे, एकाच हुकचे आहेत त्यांच्यासाठी हे सोन्याहून पिवळं. आडवी_करवत यांनी उद्या २५ पिचचा पट्टा आणला की तुमची चकती तिथे बसणार नाही. शिवाय दाण्यांचा एकच थर असतो, निकेलने चिकटवलेला. तो गेला की खाली नुसती चकती. आणि तेलाशिवाय चालवलं तर कसं होतं ते तुम्हीच सांगा.

सीबीएन_समर्थक

मान्य, काका. 🙏 पहिलं व्हील मी असंच घालवलं. साबणपाण्यावर, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या सोल्युबल ऑइलवर चालवलं, तेही त्या पाण्याची धार बारीक पडत होती तेव्हा. नंतर कळलं की खूप तापलं की पाण्याची वाफ सीबीएनला खाते. आता सरळ तेलात चालवतो, धार मशीनच्या टाकीत एक मोठं लोहचुंबक टाकलंय. संध्याकाळी ते बाहेर काढलं की त्याच्यावर काळ्या केसांचं अस्वल झालेलं असतं. ते तेलात फिरत राहिलं असतं तर व्हीलमध्येच भरलं असतं.

अजून एक शिकलो. सीबीएन काढून परत लावताना शाफ्टवर आणि व्हीलवर मार्करने खूण करा आणि त्याच जागी बसवा. नाहीतर केसभर डगमगतं, एकाच बाजूचे दाणे काम करतात आणि तेवढीच बाजू आधी संपते. याला डायमंड ड्रेसर लावून सरळ करता येत नाही. माझ्या भाच्याने लावला होता. एका मिनिटात... जाऊ दे.

वखारवाला

आमच्याकडे एक जण पट्ट्यांना कार्बाइडवाल्या हिरव्या व्हीलने धार लावायचा. त्याबद्दल काय मत?

टूलरूम_निवृत्त

हिरवं म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. टंगस्टन कार्बाइडच्या टूलसाठी ठीक. पोलादावर भरभर झिजतं आणि आकार धरत नाही. नको.

चाकण_पॅलेट (चाकण)

आमचा सगळा माल पाइनचा, गाड्यांच्या पार्टसच्या पेट्या आणि पॅलेट. आमचं दुखणं वेगळं आहे म्हणून लिहितो. व्हील चकाकत नाही, पण काळपट होतं आणि कापत नाही. वरून बघितलं तर दाण्यांच्या मधल्या भोकांत काहीतरी चिकट भरलेलं. ड्रेसरने साफ केलं की दोन पट्ट्यांत परत तेच.

टूलरूम_निवृत्त

ती पाइनची राळ, दादा. पट्ट्यावरची राळ व्हीलच्या भोकांत जाते, तिच्यात लोखंडाचा कीस रुततो. याला आम्ही व्हील "भरलं" म्हणायचो. चकाकणं वेगळं, भरणं वेगळं. दोन्हींत व्हील कापत नाही, पण इलाज एक नाही. चकाकतंय तर मऊ ग्रेड घ्या. भरतंय तर आधी पट्टा धुवा. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने दाते आणि खोबणी पुसा, मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा आणि वास जाईपर्यंत थांबा. ओल्या रॉकेलवर ठिणग्या पाडू नका, आणि ते फडकं मशीनखाली ठेवू नका.

खिळे लागतात का?

चाकण_पॅलेट

जुन्या पॅलेटमध्ये लागतातच.

आडवी_करवत

आम्हाला तर रस्त्याकडेच्या झाडांत लागतात. मागे एका पडलेल्या पर्जन्यवृक्षात नऊ खिळे निघाले. क्लासचे बोर्ड, फ्लॅट भाड्याने, सापांपासून सावध. अर्धं पुणं त्या खोडात वाचता आलं असतं. खिळा लागला की पंधरा-वीस दात्यांची टोकं जातात, मग मामा एकाच फेरीत खोल घासतात, की सगळे दाते सारखे व्हावेत.

टूलरूम_निवृत्त

तेही थांबवा. खिळ्याने गेलेली टोकं एका फेरीत भरून काढायची नसतात. फेरीला दहावा भाग मिलिमीटर पुरे, चार-पाच फेऱ्या होऊ द्या. खोल घासलं की पुन्हा तोच निळा रंग, चांगल्या व्हीलनेसुद्धा. आणि पट्टा पूर्ण बोथट होईपर्यंत मिलवर चालवू नका. लवकर उतरवला तर थोडं घासून भागतं. सागात सिलिका असते, वाळूचाच प्रकार तो, दात्याची टोकं नकळत गोल होतात. आवाज बदलला आणि भुश्याऐवजी पीठ पडायला लागलं की उतरवा.

लाकूडताई

काका, आता ड्रेसिंग कसं करायचं तेही सांगा ना. माझ्याकडे डायमंड पॉइंट (टोकाला हिरा बसवलेली दांडी) आहे, वडिलांचा. मी त्याने व्हीलवर नुसती रेघ ओढते आणि धूळ उडाली की झालं समजते.

टूलरूम_निवृत्त

मास्क लावता ना? आधी तो. ती धूळ लाकडाच्या भुश्यापेक्षा वाईट.

पॉइंट व्हीलच्या मध्यरेषेच्या किंचित खाली धरायचा आणि व्हील ज्या दिशेने फिरतं तिकडे १०-१५ डिग्री कललेला. समोरून खुपसला तर तो व्हीलमध्ये ओढला जातो आणि हिरा निखळतो. एका फेरीला पाव शतांश... चुकलो, ०.०२ ते ०.०२५ मिमी. केसाच्या जाडीपेक्षा कमी. बाजूला सरकवण्याचा वेग महत्त्वाचा. भरभर सरकवलं की व्हीलचं तोंड उघडं, खरखरीत राहतं, थंड कापतं. हळूहळू सरकवलं की गुळगुळीत होतं, फिनिश छान पण तापवतं. पट्ट्यासाठी भरभर. दर वेळी पॉइंट मुठीत थोडा फिरवून घ्या, नाहीतर हिऱ्याला एकाच बाजूने चपटं तोंड पडतं. आणि कोरडं ड्रेसिंग चालू असताना मध्येच पाणी मारू नका, तापलेला हिरा तडकतो. एकतर पहिल्यापासून पाणी, नाहीतर अजिबात नाही.

@आडवी_करवत, तुमच्या कडेची गोलाई डायमंडने हाताने काढायला जाऊ नका, जमणार नाही. सिलिकॉन कार्बाइडची ड्रेसिंग स्टिक मिळते, चौकोनी खडूसारखी. बोहरी आळीत विचारा. ६ मिमीचं व्हील आहे, म्हणजे ३ ची गोलाई. पत्र्याच्या तुकड्यात ६ चं भोक पाडा आणि मधोमध कापा. ते अर्धं भोक हाच तुमचा गेज. व्हील थांबवून गेज लावायचा, मागून बॅटरी धरायची, उजेड कुठून येतो बघायचं. आणि एक नवाकोरा पट्टा कागदावर ठेवून पेन्सिलने चार दाते उतरवून घ्या, तो कागद मशीनजवळ चिकटवा.

धार लावायच्या आधी पाच-सहा दाते आणि त्यांच्या खोबणी मार्करने काळ्या करा. एक हलकी फेरी द्या. काळं कुठे राहिलं ते बघा. दात्याच्या पुढच्या बाजूपासून तळातून वर पाठीपर्यंत सलग पुसलं गेलं पाहिजे. तळाशी काळा ठिपका उरला तर जुना तडा तिथेच लपलेला असू शकतो, तो न घासता तुम्ही नुसती टोकं चमकवताय.

आडवी_करवत

काका, हे सगळं प्रिंट काढून लावतोय. नवीन व्हील बसवताना काही काळजी?

टूलरूम_निवृत्त

माठ घेताना काय करता? टिचकी. तेच.

व्हील कोरडं आणि स्वच्छ करा, भोकात बोट घालून टांगा, स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकंसं वाजवा. मधल्या उभ्या रेषेच्या डावी-उजवीकडे ४५ डिग्रीवर, कडेपासून एक-दोन इंच आत. मग व्हील थोडं फिरवून पुन्हा. टण्ण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर तडा आहे, तो डोळ्याला दिसो न दिसो. फेकताना आधी दोन तुकडे करून फेका, नाहीतर कोणीतरी उचलून लावतं. तेलात भिजलेलं व्हील मात्र चांगलं असूनही भद्द वाजतं.

दोन्ही बाजूंचे कागद काढायचे नाहीत. ते लेबल नाही, गादी आहे. दोन्ही फ्लँज, म्हणजे व्हीलला दोन्हीकडून धरणाऱ्या चकत्या, सारख्या मापाच्या, व्हीलच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश, म्हणजे २०० ला ६७ च्या वर. नट माफक घट्ट. शाफ्टवर व्हील हाताने सहज सरकलं पाहिजे, ठोकून बसवायचं नाही आणि सैल असेल तर कागद गुंडाळायचा नाही. गार्ड लावून, बाजूला उभं राहून, निदान एक मिनिट मोकळं चालवा.

मी एकदा फुटलेलं बघितलंय. नाव घेत नाही, एका छोट्या वर्कशॉपात. एक फ्लँज हरवली म्हणून तिथे पोराने मोठा वॉशर लावला होता. चालू करून तो चहाचा कप घ्यायला वळला, म्हणून वाचला. वर बघितलं तर सिमेंटच्या पत्र्याला मुठीएवढं भोक, त्यातून ऊन खाली येत होतं, आणि त्या उन्हात धूळ तरंगत होती. कोणी काही बोललं नाही. मग मालकाने जाऊन मेन स्विच काढला.

सीबीएन_समर्थक

बापरे.

लाकूडताई

मी आत्ता जाऊन माझ्या ग्राइंडरच्या फ्लँज मोजल्या. सारख्या आहेत. पण टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) आणि व्हीलमध्ये बोट जाईल एवढी फट होती.

टूलरूम_निवृत्त

३ मिमीच्या आत आणा, ताई. व्हील झिजेल तसा रेस्ट पुढे घेत जा. मशीन बंद करून.

आडवी_करवत

अपडेट देतो, दहा दिवसांनी.

पांढरं डब्ल्यूए ६० के मिळालं. माठासारखं वाजवून घेतलं, दुकानदार बघत राहिला. स्टिकने गोलाई काढली, पहिल्या वेळी अर्धा तास गेला, आता पाच मिनिटांत होते. मार्करची युक्ती मामांना इतकी आवडली की ते आता सगळाच पट्टा काळा करतात. निळा रंग गेला. त्याच जातीचे पट्टे आहेत, बदलले नाहीत. एका पट्ट्याला आतापर्यंत पाच वेळा धार लागली, खोबणीत तडा नाही.

पण एक नवीन भुताटकी आहे. आठवड्यातून एखाद्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं की व्हील थरथरतं. धार दातागणिक कमी-जास्त लागते, एक दाता खोल, पुढचा वरवर. ड्रेसिंग केलं की थांबतं, दुसऱ्या दिवशी परत वेगळ्या बाजूने उडतं, मग दोन-तीन दिवस काहीच नाही. वाजवून बघितलं, टण्ण. फ्लँज बरोबर. बेअरिंग बदलायला काढावं का?

वखारवाला

बेअरिंगच. आवाज येतोय का?

आडवी_करवत

नाही दादा, बेअरिंग गार आहे, आवाज नाही.

लाकूडताई

कोणत्या दिवशी होतं? तारीख-वार लिहून ठेवलेत का?

आडवी_करवत

ताई, वहीत बघितलं. शुक्रवार. मागचाही शुक्रवार. एकदा गुरुवारी संध्याकाळी.

चाकण_पॅलेट

गुरुवारी तर लाइट जाते. 😂

टूलरूम_निवृत्त

चाकणकरांनी पकडलं! बेअरिंगला हात लावू नका.

गुरुवारी लाइट जाते तेव्हा तुमचं मशीन धार लावत असतं. व्हील थांबतं, पंप थांबतो, पण व्हील पाण्याने चिंब असतं. विट्रिफाइड व्हील म्हणजे स्पंज. वरचं पाणी हळूहळू झिरपून खालच्या अर्ध्यात जमतं आणि रात्रभर तिथेच बसतं. सकाळी चालू केलं की एक बाजू जड, दुसरी हलकी. तुम्ही त्याच अवस्थेत ड्रेसिंग केलंत, म्हणजे हेलकावणाऱ्या व्हीलला गोल केलंत. पुढे पाणी उडून गेलं आणि व्हील स्वतःच वाकडं उरलं. म्हणून दुसऱ्या दिवशी वेगळ्या बाजूने उडतं.

नेहमी बंद करताना आधी पाणी बंद, मग व्हील दोन-चार मिनिटं कोरडं फिरू द्यायचं, पाणी उडून जातं. लाइट अचानक गेली तर काय? मशीनचा मेन स्विच काढा, फडक्याने व्हील टिपा, आणि भाकरी फिरवतो तसं दर काही मिनिटांनी हाताने पाव फेरी फिरवत राहा. लाइट आली की पाणी न सोडता, गार्ड लावून, लांब उभं राहून कोरडं फिरवा, थरथर थांबली की मगच पट्टा.

पावसाळ्यात टाकीतल्या पाण्याला वास येतो का? येत असेल तर बदला. सोल्युबल ऑइलचं प्रमाण एकास वीस ठेवा, अंदाजपंचे नको.

आडवी_करवत

काका, वास येतो. मामा म्हणाले नदीचा आहे.

सीबीएन_समर्थक

व्हील किती उरलंय? माझ्या मित्राचं झिजून १४० झालं होतं, तो म्हणायचा आता पहिल्यासारखं कापत नाही, पटकन झिजतं.

टूलरूम_निवृत्त

बरोबर आहे त्याचं. मोटर २८८० आरपीएमची. २०० च्या व्हीलची कड सेकंदाला ३० मीटर पळते, १४० ची २१. वेग कमी झाला की प्रत्येक दाण्यावर जोर वाढतो आणि तेच व्हील मऊ असल्यासारखं वागतं. शिवाय व्यास कमी झाला की मशीनचं डोकं खाली घ्यावं लागतं, आणि प्रत्येक वेळी मार्कर लावून बघावं लागतं. १५० च्या खाली गेलं की मी बदलतो. कंजूषपणा करणाऱ्यांनी लहान व्हीलसाठी वेग वाढवायला पुली बदलू नये. उद्या कोणीतरी त्याच शाफ्टवर नवं २०० चं चढवतो आणि लेबलवरची सेकंदाला ३५ मीटरची मर्यादा ओलांडतो.

लाकूडताई

@आडवी_करवत, त्या पी ग्रेडच्या व्हीलचं काय केलंत? टाकलं नसेल तर कोयते घासायला मी घेऊ का?

टूलरूम_निवृत्त

ताई, ६ मिमीचं पातळ व्हील आहे ते. कोयता घासताना बाजूने दाब येणारच, आणि बाजूच्या दाबासाठी ते नाही. नको.

आडवी_करवत

ताई, ते मामांनी दोन तुकडे करून टाकलं. काकांनी लिहिलं होतं ना, तडा गेलेलं व्हील फोडून टाका. मामांनी तडा नसलेलंही फोडलं.

आणि काल गुरुवार होता. दहा वाजून वीस मिनिटांनी लाइट गेली. मी ऑफिसात होतो. बाहेर येऊन बघितलं तर मामा स्टुलावर बसून एका हाताने चहा पितायत आणि दुसऱ्या हाताने व्हील पाव-पाव फेरी फिरवतायत. लाइट सव्वाचारला आली. विचारलं, दिवसभर फिरवत होतात? म्हणाले, जेवताना तुमच्या पुतण्याला बसवलं होतं.